तिसऱ्या रविवारच्या आत संपवायची कादंबरी

माझी कादंबरी मी अमेरिकेत नेली ती निव्वळ भित्रेपणामुळे. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझ्याबद्दल भलता गैरसमज करून घ्यायला नको. अमेरिका मी पाहिलेली नाही. विमानात बसलेलो नाही. दुसऱ्यांचे पासपोर्टचे अर्ज मात्र शेकड्याने भरलेत, तेवढाच माझा परदेशाशी संबंध.

विरार पूर्वेला, चंदनसारला, आमच्या माजी नगरसेवकांचं जनसंपर्क कार्यालय आहे. तिथे मी पत्रं लिहितो. पाणी कमी दाबानं येतं, गटाराचं झाकण गेलं, विधवा पेन्शन अडकली, मुलाला शाळेत घेत नाहीत. माणूस बाकावर बसून सांगतो आणि मी साहेबांच्या लेटरहेडवर ‘महोदय’पासून ‘आपला विश्वासू’पर्यंत सगळं नीट बसवून देतो. मधली बरीच वर्षं निवडणूकच लागली नाही, साहेबांच्या पदामागे ‘माजी’ लागलं, पण बाकावरची माणसं काही कमी झाली नाहीत. कोण आजी आणि कोण माजी, त्यांना काय करायचंय? नळाला पाणी आलं नाही की ती येतात.

मग एक मुलगी आमच्याकडे कॉम्प्युटरच्या कामाला आली. मतदारयाद्या नीट करायच्या, कोण गेलं, कोण सोडून गेलं, कोणाचं लग्न होऊन नाव बदललं, हे तिचं काम. वसईकडच्या एका वाडीतली, कॅथलिक घरातली, वडिलांची केळीची बाग. रोज स्कूटरवरून यायची. मी तेव्हा सदतीसचा, ती तिशीत. ऑफिसात ती झाडून सगळ्यांना दादा म्हणायची. ड्रायव्हर दादा, झेरॉक्सवाला दादा, चहावाला तिच्याहून लहान तरी तोही दादा. मला कधी म्हणाली नाही. मी दुपारच्या फावल्या वेळात काहीतरी खरडतो हे कळल्यावर ती मला ‘लेखक’ म्हणायला लागली. ‘लेखक, पिनांची डबी द्या.’ एवढ्यावर मी आठवडा काढायचो. हसू नका, खरंच काढायचो.

मग बोललो का नाही? कारणं भरपूर होती, मी रोज त्यांची उजळणी करायचो. ती कॅथलिक, आम्ही हिंदू. माझी आई सोमवार, चतुर्थी काही सोडत नाही. साहेबांना वसईतल्या वाड्यांमध्ये ऊठबस ठेवायची होती, त्यांच्या ऑफिसातल्या माणसाने तिथल्या मुलीला विचारलं असतं तर त्यांनी मला दारातूनच हाकललं असतं. ही सगळी कारणं खरी होती. पण खरं कारण एकच, ती नाही म्हणाली तर दुसऱ्या दिवशी समोरच्या टेबलावर तिच्याच समोर बसावं लागलं असतं. मी मूग गिळून बसलो आणि कादंबरी लिहायला घेतली.

चंदनसारमधलं एक ऑफिस, पत्रं लिहिणारा आणि याद्या करणारी, असं लिहिलं असतं तर पहिल्याच पानावर पकडला गेलो असतो. म्हणून मी साहेबांना सेनेटर केलं, वॉर्डाचं राज्य केलं आणि सगळं उचलून अमेरिकेत नेऊन ठेवलं. सेनेटरची पत्रं लिहिणारा नायक, मतदारांच्या याद्या सांभाळणारी नायिका. दोघांना अमेरिकन नावं दिली, दोन्ही उच्चारायला जड. इंटरनेटवर तिकडच्या निवडणुकांचे व्हिडिओ बघून बघून डोळे लाल केले, वहीत टिपणं काढली. प्रायमरी म्हणजे काय, कॉकस म्हणजे काय, सगळं. आणि पहिलं प्रकरण झाल्यावर ते वाचायला कुणाला दिलं असेल? तिलाच. दुसरं होतंच कोण?

शनिवारी दुपारी साहेब वॉर्डात फिरायला जायचे, ऑफिस शांत असायचं. तिने पानं घेतली, डबा खाता खाता वाचली, आणि चौथ्या पानावर थांबली.

“लेखक, हा सेनेटर एकाच संध्याकाळी एका हळदीला आणि दोन बाराव्यांना जातो?”

“का? जाणार नाही?”

“अमेरिकेत बारावं?”

मी पान ओढून घेतलं. च्यायला, खरंच होतं. सवयीने लिहून गेलो होतो. मग तिने एकेक काढायला सुरुवात केली. सेनेटरच्या ऑफिसबाहेर चपलांचा ढीग होता. बाकावर सकाळी सातपासून माणसं अर्ज घेऊन बसली होती. सेनेटर दहावीतल्या मुलांना वह्या वाटत होता आणि रहिवासी दाखला देत होता. वॉशिंग्टनला टँकर आला होता. ती हसली नाही, हे तिचे माझ्यावर उपकार. पेन्सिल घेतली आणि प्रत्येकाखाली बारीक रेघ मारली.

तिची मावसबहीण तिकडे नर्स आहे. ती तिला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारायची आणि पुढच्या शनिवारी मला उत्तर आणून द्यायची. चपला गेल्या, वह्या गेल्या, टँकर गेला. बाकही जाणार म्हणून मी वाट बघत होतो, पण त्या शनिवारी ती आली तीच उजळलेल्या चेहऱ्याने. म्हणाली, तिकडेही लोक आपल्या निवडून दिलेल्या माणसाच्या ऑफिसात कागद घेऊन जातात. कुणाची पेन्शन अडते, कुणाच्या नवऱ्याचा व्हिसा अडतो, आणि ऑफिसातलं कुणीतरी वर पत्र लिहितं. त्या मावसबहिणीने स्वतः तसं पत्र लिहून घेतलंय.

“म्हणजे तिकडे तुमच्यासारखा माणूस आहे,” ती म्हणाली. “बाक राहू द्या.”

त्या दिवशी घरी जाताना मला आपण भलतेच कुणीतरी आहोत असं वाटत होतं. कुठल्याशा थंड गावात एक माणूस बसलाय, कुणाच्यातरी पेन्शनचं पत्र लिहितोय आणि समोरच्या टेबलाकडे बघतोय. बिचारा. मी त्याच्यासाठी फार वाईट वाटून घेतलं आणि पाचवं प्रकरण लिहिलं.

असं दोन वर्षं चाललं. दोन वर्षं, चौदा प्रकरणं. नायक नायिकेसाठी थंडीत गाडीचा दरवाजा उघडतो. तिच्या याद्यांतली चूक आपल्या अंगावर घेतो. प्रचाराच्या बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी असते आणि तो मागे जाऊन बसतो. हे बसचं वाचून ती वैतागली. पानं टेबलावर ठेवली आणि विचारलं, “हा बोलत का नाही?”

“बोलेल.”

“कधी?”

“शेवटच्या प्रकरणात. तोपर्यंत वाचकाला धरून ठेवायचं असतं.”

“आणि तिला?”

मला वाटलं ती कादंबरीतलंच विचारतेय. खरंच वाटलं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी तिला तंत्र समजावून सांगितलं, ताण कसा वाढवत न्यायचा वगैरे. तिने ऐकून घेतलं, पानं नीट जुळवून पिन मारली आणि आपल्या यादीकडे वळली.

मग एका शनिवारी ती पेढ्यांचा पुडा घेऊन आली. साहेबांना दिला, ड्रायव्हरला दिला, झेरॉक्सवाल्याला दिला. माझ्या टेबलाशी शेवटी आली. लग्न ठरलं म्हणाली. वसईतलाच आहे, बँकेत आहे, त्यांच्याच चर्चचा. मी अभिनंदन म्हणालो. पेढा तोंडात टाकला तो गिळेना. तिच्यासमोर पाणीही पिता येईना, म्हणून तो तसाच गालात धरून बसलो.

ती गेली नाही, टेबलाशी उभीच राहिली. म्हणाली, “उद्यापासून चर्चमध्ये नावं वाचतील.”

मला माहीत नव्हतं ते, तिने सांगितलं. लग्नाआधी तीन रविवार मिस्साच्या, म्हणजे त्यांच्या रविवारच्या प्रार्थनेच्या, वेळी मुलाचं आणि मुलीचं नाव वाचतात. कुणाची काही हरकत असेल तर त्याने फादरना कळवायचं.

“घेतं कुणी हरकत?”

“मी तरी ऐकलं नाही आजपर्यंत.”

“शेवटची तारीख काय?”

हे माझ्या तोंडून असंच निघालं. ऑफिसात कुठलीही जाहीर नोटीस आली की मी पहिलं तेच बघतो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं, “तिसरा रविवार.”

आता माझी चूक ऐका. आमच्या धंद्यातल्या माणसाशिवाय ही चूक कुणी करणार नाही. महापालिकेची नोटीस निघते, रस्ता रुंद होणार, जागेचं आरक्षण बदलणार, हरकती आणि सूचना मागवल्यात. अशा हरकती मी वॉर्डासाठी गठ्ठ्याने लिहिल्यात. साहेबांचा त्यात एक नियम आहे आणि तो त्यांनी मला पहिल्याच महिन्यात शिकवला. हरकत आधी कधी द्यायची नाही. आधी दिली की समोरचा उत्तर तयार करतो. शेवटच्या दिवशी, ऑफिस बंद व्हायच्या थोडं आधी जायचं, पोचपावतीवर शिक्का घ्यायचा आणि निघायचं. मी वर्षानुवर्षं तसंच केलं आणि ते नेहमी बरोबर ठरलं. त्यामुळे ‘तिसरा रविवार’ ऐकल्यावर माझ्या टाळक्यात पहिला विचार आला तो असा, की आपल्याकडे पंधरा दिवस आहेत.

पंधरा दिवस, आणि माझी तीन प्रकरणं बाकी. मी ठरवलं, तिसऱ्या रविवारच्या आत कादंबरी पुरी करायची. शेवटच्या प्रकरणात नायक बोलेल, ती वाचेल, तिला कळेल, मग पुढचं पुढे. तोंडाने दोन वाक्यं बोलण्याऐवजी मी साठ पानं लिहायला बसलो. अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच असावं.

ऑफिसात आई आजारी आहे म्हणून खोटं सांगितलं आणि चार दिवस रजा काढली. आई ठणठणीत, समोर बसून तांदूळ निवडतेय. तिने पहिले दोन दिवस काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “कुणाला लिहितोस रे एवढं?”

“कादंबरी आहे.”

“ती कॉम्प्युटरवाली वाचते ना तुझं?”

मी पुढची ओळ लिहायला घेतली. आईने ताट बाजूला ठेवलं. “ती किरिस्ताव आहे म्हणून माझ्याकडे बघत असशील तर बघू नकोस. मला काय ते तू सांगितलंस तर मी रडेन चार दिवस, आणि मग जेवेन. जाऊन बोल की तिच्याशी.”

तेव्हा मी उठायला हवं होतं. चप्पल घालायची, रिक्षा पकडायची, तासाभरात वसईला पोचलो असतो. त्या दिवशी बुधवार होता, अजून एकच रविवार झाला होता. पण मी आईला म्हणालो, “फक्त दोन प्रकरणं राहिलीत.” आई माझ्याकडे बघतच राहिली. अशी की पोटचा पोर वेडा झाल्याची तिला तेव्हाच खात्री पटली असावी.

दुसऱ्या रविवारी सकाळी घरात बसवेना. वसईत त्या वेळी नावं वाचत असतील, हे डोक्यातून जाईना. वही घेऊन कळंबला गेलो, किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली बसलो. मुंबईहून आलेल्या पोरांचा एक घोळका क्रिकेट खेळत होता. मी अमेरिकेतला निकालाचा दिवस लिहीत होतो. सेनेटर हरतो. ऑफिस रिकामं करायचं असतं, खोक्यांत फायली भरत असतात, आणि नायकाला आता बोलावंच लागणार असतं कारण उद्यापासून समोरचं टेबल नसणार. इथवर लिहिलं आणि घोडं अडलं. तो काय बोलेल? इतकी प्रकरणं मी त्याला गप्प ठेवलं होतं, आता त्याची जीभच उचलेना. दोन ओळी लिहायच्या, खोडायच्या. ऊन डोक्यावर आलं. मी त्या पोरांच्या देखत, वही मांडीवर घेऊन, रडलो. सरळ रडलो. एका पोराने येऊन विचारलं, “अंकल, सब ठीक है?” मी म्हटलं, हो, डोळ्यात वाळू गेली.

शेवटी नायकाला अमेरिकन बोलता येईना म्हणून माझंच बोलायला लावलं. तो तिला सांगतो, तू येण्याआधी मी दहा मिनिटं येतो. तुझी खुर्ची पुसतो, तुझा पंखा लावून ठेवतो, आणि तू आत आलीस की पत्र लिहीत असल्यासारखं करतो. तू ज्या दिवशी येत नाहीस त्या दिवशी मी पत्रांत चुका करतो. तू माझ्याशी लग्न करशील का? एवढंच. अख्ख्या अमेरिकेत माझ्या नायकाला यापेक्षा जास्त काही सुचलं नाही. सेनेटरच्या ऑफिसात पंखा कुठला, हे मला लिहिताना कळत होतं. तरी राहू दिला.

तिसऱ्या रविवारच्या आदल्या शनिवारी, साहेब बाहेर पडल्यावर, मी तिला शेवटचं प्रकरण दिलं.  बाकावर एक म्हातारे गृहस्थ पाण्याच्या बिलाची तक्रार घेऊन बसले होते. त्यांना म्हटलं, काका, अर्ध्या तासाने या. ते गेले. ती वाचायला लागली. या वेळी डबा उघडला नाही, पेन्सिलही घेतली नाही. मी समोर बसून तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होतो आणि मला काही म्हणजे काही वाचता येत नव्हतं.

शेवटचं पान तिने वाचून संपवलं. मग पानं उलटी घालून ठेवली.

“खुर्ची कोण पुसतं ते मला माहीत होतं,” ती म्हणाली. “पहिल्या महिन्यापासून.”

 ती शांतपणे बोलत होती, आणि पहिल्यांदाच मला ‘तू’ म्हणत होती.

“दोन वर्षांत घरी तीन स्थळं आली. तिन्ही मी परत पाठवली. आई विचारायची, कुणी आहे का? काय सांगणार होते? एक माणूस आहे, तो शनिवारी मला प्रकरण वाचायला देतो? मी प्रत्येक प्रकरण घेतलं ते आता तू बोलशील म्हणून. अमेरिकेतल्या चुका काढत बसले, तुला कळावं म्हणून की मी नीट वाचतेय. मी तुला विचारलं पण, हा बोलत का नाही. तू मला वाचकाला कसं धरून ठेवायचं ते शिकवलंस.”

“पण उद्या तिसरा रविवार आहे,” मी म्हणालो. “अजून मुदत आहे. मी हरकत घेतो. फादरना जाऊन भेटतो.”

“कशावर घेणार हरकत? तो घरी आला, त्याने मला विचारलं, मी हो म्हटलं. त्याचं काय चुकलंय?”

यावर कुठलं पत्र लिहिणार? मी आयुष्यभर हरकती लिहिल्या, त्यात एक तरी कारण लागतंच, नाहीतर टेबलावरच फेटाळतात. माझ्याकडे कारण नव्हतं. त्या माणसाने जे केलं ते मी करायला हवं होतं, एवढंच कारण होतं, आणि ते माझ्याच विरुद्ध होतं.

तिने डोळे पुसले. मग पानं उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “हे प्रकरण पहिलं असायला हवं होतं.” बाकावरचे गृहस्थ परत आले होते, दारात उभे होते. तिनेच त्यांना आत बोलावलं, त्यांचं बिल बघितलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मी ‘महोदय’ लिहिलं. त्यापुढे काय लिहिलं ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वसईला गेलो नाही. सकाळी घरात जमिनीवर सगळं हस्तलिखित पसरलं. ती म्हणाली तसं करून बघू म्हटलं. दुसरं काय हातात होतं? तिची एवढी एक दुरुस्ती तरी बिनचूक करावी. शेवटचं प्रकरण उचलून सगळ्यात वर ठेवलं. निकालाचा दिवस काढला, खोकी काढली. कामाच्या पहिल्याच महिन्यातला एक साधा दिवस केला. नायक येतो, खुर्ची पुसतो, पंखा लावतो. ती आत येते. तो उठून उभा राहतो आणि विचारतो. ती हो म्हणते. का म्हणणार नाही? ती तेवढ्यासाठीच थांबली होती.

हे अडीच पानांत झालं. मग मी पुढचं प्रकरण जोडायला घेतलं. गाडीचा दरवाजा, याद्यांतली चूक, बसमधली रिकामी जागा. एकही जोडता येईना. त्या बसमध्ये आता ती दोघं शेजारी बसली असती, त्यात लिहिण्यासारखं काय होतं? मी एकेक प्रकरण उचलत गेलो आणि बाजूला ठेवत गेलो. आईने जेवायला हाक मारली तेव्हा माझ्यापुढे फक्त ती अडीच पानं उरली होती. तेवढीच गोष्ट होती. बाकीची सगळी कादंबरी म्हणजे मी गप्प बसलो ते होतं.